रोममधला पाण्याचा गुरुवार

रोमबद्दल ज्यांना लिहायचं होतं त्यांनी लिहून ठेवलेलं आहे. ते गोल रंगमंडळ केवढं मोठं, पोपचं अंगण केवढं रुंद, कारंज्याकडे पाठ करून नाणं कसं टाकायचं, हे सगळं आमच्या गल्लीतून सहलीला जाऊन आलेल्या मंडळींनी मला निघायच्या आधीच ऐकवलं होतं. त्या वाटेला मी जात नाही. मी तिथं तीन महिने राहिलो आणि तीनही महिने जळलो, तेवढं सांगतो.

मत्सर आम्हाला नवा नाही म्हणा. मी मकबऱ्याच्या गावचा माणूस. मकबरा पाहून पायऱ्या उतरणारा प्रत्येक पाहुणा "छान आहे, पण ताजमहालाची सर नाही" असं म्हणतो, आणि वर आम्हीच त्याला चहा पाजतो. थोरली बहीण देखणी निघाली की धाकटीनं जे जन्मभर ऐकायचं, ते आमचं अख्खं गाव ऐकत आलेलं आहे. माझ्या पासपोर्टवर जन्मगाव औरंगाबाद आहे, पत्त्यात छत्रपती संभाजीनगर आहे, पण ताजमहालाचा टोमणा दोन्ही नावांना तोच.

बेगमपुरा

मी चौतीस वर्षं शहराच्या पाण्याच्या कामावर ओव्हरसियर होतो. आमच्या गल्लीला पाणी आठ दिवसांनी येतं, गुरुवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला. शहर वाढत गेलं आणि पाणी होतं तेवढंच राहिलं. नोकरीत असताना लोक मला रस्त्यात अडवून शिव्या द्यायचे, कारण नळाची चावी माझ्या हाताखालची माणसं फिरवायची. निवृत्त झालो आणि त्याच लोकांबरोबर ड्रम मांडून नळाची वाट बघायला लागलो.

त्या चावी फिरवणाऱ्यांपैकी रशीदभाई आता माझे मित्र आहेत. रोज सकाळी पाणचक्कीजवळ आमचा चहा होतो. रशीदभाईंचा जीव सगळा जुन्या नहरीत अडकलेला. चारशे वर्षांपूर्वी डोंगरातलं पाणी जमिनीखालून, मातीच्या नळांतून या शहरात खेळवलं होतं. मधे मधे विटांचे उभे खांब, आम्ही त्यांना बंबे म्हणतो; पाणी त्यात वर चढायचं आणि त्या जोरावर पुढं जायचं. बहुतेक नहरी आता गाळानं बुजल्या. पाणचक्कीचा हौद पाहून परदेशी पाहुणे तोंडात बोटं घालतात आणि आम्ही टँकरची वाट बघत असतो.

मुलगी मुग्धा रोमला असते, धान्याच्या संशोधनाचं काम करते. जावई दुसऱ्या गावी शिकवायला, शनिवार-रविवार घरी. त्यांची रेवा सहा वर्षांची. मी तिला त्या सहा वर्षांत दोनदा पाहिलेलं. एक दिवस मुग्धा फोनवर म्हणाली, "बाबा, तुम्ही आणि आई तीन महिने येऊन राहा. रेवा तुम्हाला फोटोतच ओळखते." हे वाक्य मला दोन दिवस टोचत राहिलं. तिसऱ्या दिवशी मी व्हिसाचे कागद गोळा करायला लागलो. मला रोम बघायचं नव्हतं. मला रेवाचा आजोबा व्हायचं होतं आणि त्यासाठी माझ्याकडे तीन महिने होते.

रशीदभाई म्हणाले, "साब, उनकी नहरां देख के आव. सुनते दो हजार साल की हैं, अब भी चालू हैं बोलते. सच है क्या झूठ, आपकी आँख से देख के मेरेकू बताव."

"बताता ना," मी म्हणालो. मनात म्हटलं, झूठच असणार.

चिकलठाण्याच्या विमानतळावरून निघालो तेव्हा आमच्या सौ.च्या, म्हणजे सुलभाच्या, पिशवीत ज्वारीचं पीठ आणि काळा मसाला होता आणि माझ्या खिशात रेवासाठी लाकडी भोवरा.

तिसरा मजला

दार रेवानंच उघडलं. पण ती एकटी नव्हती. तिच्या मागं एक उंच, पिकल्या भुवयांचा म्हातारा एका गुडघ्यावर बसून तिच्या बुटाची नाडी बांधत होता. मुग्धानं शिकवल्याप्रमाणे तिनं आम्हाला दोन्ही हात जोडून "नमस्कार आबा, नमस्कार आजी" म्हटलं, शाळेत तपासणीला आलेल्या साहेबाला म्हणतात तसं. मग त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात टेकून आम्हाला ओळख करून दिली, "हा नोन्नो."

नोन्नो म्हणजे आजोबा, हे मला मुग्धानं जेवताना सांगितलं. मी हातातला घास ताटात परत ठेवला.

त्याचं नाव पिएत्रो. खालच्याच, दुसऱ्या मजल्यावर राहतो. आयुष्यभर ट्राम चालवली. बायको वारली, मुलगा समुद्रापलीकडे. रेवा वर्षाची असल्यापासून मुग्धा कामावर गेली की तिला तो सांभाळतो. "बाबा, ते नसते तर माझी नोकरी सुटली असती," मुग्धा म्हणाली. मी मान हलवली. दुसऱ्याच्या उपकाराचं ओझं वाहायचं आणि वर हसायचं, हे पहिल्याच दिवशी पदरात पडलं.

जेवून हात धुवायला गेलो. सवयीनं नळ पुरता उघडला. पाणी असं आलं की शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजली. मी नळ बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा बंद केला. चौतीस वर्षं ज्या दाबाची चित्रं मी कागदावर काढली, तो दाब एका साध्या बेसिनच्या नळात फुकट वाया चालला होता.

"काय करायलात?" दारातून सुलभा म्हणाली.

"प्रेशर बघतोय."

"आता हितंबी नोकरी करता का?"

सुलभा कन्नड तालुक्यातली. तिला माणसं दोन मिनिटांत आवडतात, ही तिच्या माहेरची खोड. दुसऱ्या दिवशी पिएत्रोनं जेवण वर पाठवलं. लांब शेवया, त्यात किसलेलं चीज आणि मिरपूड, बस. सुलभानं चव घेतली. "शेवयाच हायेत की. साखर आन् दूध इसरला बिचारा." पण ताट चाटूनपुसून संपवलं. मी पोट जड असल्याचं सांगितलं.

"माणूस लई चांगला हाय," ती म्हणाली.

"तुला सगळेच चांगले वाटतात."

"तुमी जळता त्याच्यावर."

"मी कशाला जळू?"

"मग शेवया का खाईनात?"

खरं सांगायचं तर माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं. निदान थोडा तिरसट, थोडा चिक्कू तरी असायला हवा होता. पण तो जिन्यात भेटला की माझी पिशवी हातातून घ्यायचा आणि वरपर्यंत आणून द्यायचा. एक्याऐंशी वर्षांचा माणूस, मी एकोणसत्तर. पिशवीशिवाय त्याच्या मागं जिना चढताना मला धाप लागायची.

भोवऱ्याचीही हीच गत. मी मोठ्या ऐटीत दोरी गुंडाळली, रेवाला समोर बसवलं आणि हात मागं नेऊन फेकला. खांद्यात अशी कळ आली की भोवरा फरशीवर आडवा लोळत सोफ्याखाली गेला. रेवानं तो काढला आणि खाली घेऊन गेली. थोड्या वेळानं खालून तिच्या टाळ्या ऐकू आल्या. भोवरा मी नेलेला, फिरवला त्यानं.

नाकवाले नळ

रोमच्या रस्त्यांवर कमरेएवढे लोखंडी खांब उभे असतात आणि त्यांच्या वाकड्या तोटीतून पाणी वाहत असतं. ती तोटी नाकासारखी दिसते, म्हणून त्या नळांना नावच मुळी मोठं नाक. चावी नाही, तोटी बंद करायची सोय नाही. रात्रंदिवस वाहायचं, गटारात जायचं. कुत्री पितात, टॅक्सीवाले तोंड धुतात, एक बाई सफरचंद धूत होती.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी खांबाभोवती तीन फेऱ्या मारल्या. मागं हात घालून चाचपलं. चावी असणारच, माणसाला चावी लागतेच. पिएत्रो रेवाचा हात धरून बाजूला उभा होता. त्यानं रेवाला काहीतरी विचारलं आणि रेवानं मला मराठीत विचारलं, "आबा, काय हरवलं?"

"चावी."

तिनं त्याला सांगितलं. तो हसला, वाईट नाही, मोकळं हसला. मग पुढं झाला आणि तोटीचं तोंड बोटानं दाबलं. तोटीच्या वरच्या अंगाला एक बारीक भोक असतं. त्यातून पाण्याची कमान उडाली आणि रेवानं वाकून बरोबर तोंडात घेतली. हे त्या दोघांचं जुनं असणार, कारण तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"आबा, आता तू."

मी दाबलं. चौतीस वर्षांचा अनुभव. कमान उडाली ती थेट माझ्या चष्म्यावर. रेवा खिदळत नोन्नोच्या कोटात शिरली. त्या दिवशी घरी आल्यावर मी सुलभाला सांगितलं, की इतकं पाणी वाया घालवणाऱ्या लोकांचं पुढं काही खरं नाही.

"दोन हजार वर्षं झाली की त्यांना," ती म्हणाली.

कमानींच्या बागेत

एका रविवारी पिएत्रो आम्हाला शहराबाहेर घेऊन गेला. मोकळं रान, गवत, आणि त्यातून लांबच लांब जाणाऱ्या विटा-दगडांच्या कमानी. त्यांच्या डोक्यावरून एके काळी पाणी चालत यायचं. लोक तिथं पळायला येतात, कुत्री फिरवतात, भाकरी-चीज खातात.

मी एका कमानीला हात लावला आणि तिच्या उताराकडे बघत राहिलो. कोसन् कोस पाणी नुसत्या उतारावर आणायचं तर उतार किती बेतानं धरावा लागतो, ते ज्यानं केलं त्यालाच कळतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लगेच रागही आला. आमच्या बेगमपुऱ्यातल्या बंब्याला केबलच्या वायरी गुंडाळलेल्या आहेत आणि त्याच्या पायथ्याशी भंगारवाल्याची सायकल टेकवलेली असते. इथं त्याच कामासाठी बाग केलेली, फलक लावलेले, बसायला बाकं. तिथल्या विटेलाही मान होता. आपल्याकडे ओव्हरसियरलाही नव्हता.

मला वाटलं, या माणसाला सांगावं. की आमचीही आहे. तुमची डोक्यावरून जाते, आमची जमिनीखालून, दिसत नाही पण पाणी वर चढवते. मी रेवाला म्हटलं, "नोन्नोला सांग, आबांच्या गावात पण नहर आहे." ती माझ्याकडे बघत राहिली. नहर म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. मी बंबा समजावला, गाळ समजावला, डोंगर दाखवला तो हातानं. ती वळून त्याला तीन-चार शब्दांत काहीतरी म्हणाली. त्यानं नम्रपणे मान हलवली, आजाऱ्याला भेटायला आलेले लोक हलवतात तशी. चारशे वर्षांची नहर तीन-चार शब्दांत आटोपली.

परतताना त्या प्रसिद्ध कारंज्यापाशी थांबलो. घोडे, देव, धबधबा, माणसांचा हा लोंढा. मुग्धा म्हणाली, "बाबा, या कारंज्याला येणारं पाणी अजून त्याच दोन हजार वर्षांपूर्वीच्या वाटेनं येतं." म्हणजे रशीदभाईंनी ऐकलेलं झूठ नव्हतं. रेवा आणि पिएत्रोनं पाठ करून नाणी टाकली. नाणं टाकलं की माणूस रोमला परत येतो म्हणतात. मी टाकलं नाही. परत यावंसं वाटणं म्हणजे हार मानणं झालं असतं.

गुरुवार, दुपारी दीड

रोममध्ये गुरुवारी घरोघरी बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या करतात, बोराएवढ्या, वर टोमॅटोचा रस्सा. ही तिथली रीत, आपल्याकडे एकादशीला साबुदाणा तशी. रेवा दर गुरुवारी शाळा सुटली की दीड वाजता खाली नोन्नोकडे जेवते. सुलभाही जायला लागली होती. मी वर एकटाच दही-भात खायचो.

गुरुवारी दीडला माझे हात शिवशिवायचे ते वेगळंच. तिथं दीड म्हणजे आमच्याकडे पाच. आमच्या गल्लीत त्या घटकेला "नळ आले!" अशी हाळी उठत असणार, मोटारी घुरघुरत असणार. आणि मी तिसऱ्या मजल्यावर रिकाम्या हातांनी बसलेलो, खालून नातीचं हसणं ऐकत.

परतीला पंधरा दिवस उरले होते तेव्हाची गोष्ट. गुरुवारी सकाळी इमारतीच्या दारावर एक कागद चिकटवलेला दिसला. नळाचं चित्र होतं. मुग्धानं वाचलं, "उद्या शुक्रवारी सकाळी दोन तास पाणी बंद. दुरुस्ती आहे."

माझ्या अंगात वारं शिरलं. शेवटी गेलंच यांचंही पाणी! मी खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. मुग्धा म्हणाली, "दोन तासच आहे बाबा, एक बाटली भरून ठेवली की झालं." पण तिला कामावर जायचं होतं, आणि ती लहानपणीच घरून शिकायला गेलेली मुलगी, तिला काय कळणार?

दुपारी दीडला सुलभा खाली निघाली. रेवा बुटात पाय घालता घालता थांबली. मी पातेली मांडत होतो, मोठ्यातून लहान अशी ओळीनं.

"आबा, काय करतोस?"

"पाणी भरतोय. उद्या येणार नाही."

"मी पण."

"नोन्नो वाट बघेल."

"आजी जाईल ना." तिनं बूट काढून टाकले.

अडीच महिन्यांत पहिल्यांदा ती माझ्याकडे राहिली होती. आमच्या गावात पाणी आठ दिवसांनी येतं, ते मी तिला सांगितलं आणि सगळं शिकवलं. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग वापरायचं. भांडं कसं विसळायचं, कापड कसं बांधायचं, काठोकाठ का नाही भरायचं. कुकर भरला, कढई भरली, दुधाचं भांडं, चहाचे ग्लास, फुलदाणी. ती आपली खेळण्यातली चहाची किटली घेऊन आली, तीही भरली. मी तिला हाळी शिकवली. ती घरभर ओरडत फिरली, "नळ आले! नळ आले!"

शेवटी न्हाणीतला लांब टब. आमच्या हौदाहून मोठा. मी त्याचं भोक बंद केलं, नळ सोडला आणि म्हणालो, "आता याला वेळ लागेल. चल, तुला नहर दाखवतो."

इथं माझी चूक झाली, आणि ती आमच्या गावचाच माणूस करू शकतो. हौद भरायला दीड तास लागतो हे माझ्या हाडांत भिनलेलं आहे. करंगळीएवढी धार, तीही मधेच खोकणारी. त्या हिशोबानं मी गॅलरीत निवांत बसलो. शीतपेयाच्या नळ्या एकमेकींत अडकवल्या, एक भांडं वर, एक खाली, मधे दोन उभ्या नळ्यांचे बंबे. पाणी एकातून उतरलं आणि दुसऱ्यात आपोआप चढलं.

"कोण ढकलतं त्याला?" रेवानं विचारलं.

"मागचं पाणी पुढच्याला ढकलतं."

"पुन्हा."

पुन्हा केलं. पाचव्यांदा केलं. मी इतका सुखात होतो की जगाचा विसर पडला. खालच्या गॅलरीतून सुलभाचा आवाज आला तेव्हा भानावर आलो.

"अहो! वर काय करायलात? हितं माळवदातून गळतंय!"

न्हाणीघर, बोळ, मुग्धाच्या खोलीचा अर्धा गालिचा, सगळीकडे पाणी. मी नळ बंद करेपर्यंत दारावर थापा पडल्या. पिएत्रो. त्याच्या टकलावर ओघळ होते, शर्टाला टोमॅटोचा रस्सा उडालेला. नेमकं जेवणाच्या टेबलावर गळलं होतं. तो मोठ्यानं बोलायला लागला. इतका चढलेला आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. मला एक शब्द कळत नव्हता आणि कळायची गरजही नव्हती. अशी बोलणी मी चौतीस वर्षं खाल्ली होती. मी मान खाली घातली. आता पोरगी कायमची त्याचीच, असं वाटलं.

रेवा आमच्या दोघांच्या मधे येऊन उभी राहिली. ओले पाय, हातात किटली. तिनं बोलायला सुरुवात केली आणि थांबेचना. हात चालले होते त्याच्यासारखेच. मला त्यात फक्त 'आबा' कळलं, आणि 'ओत्तो जोर्नी', म्हणजे आठ दिवस. तिनं आजीला आकडे आणि दिवस शिकवले, तेव्हा ते माझ्या कानावर पडले होते. पिएत्रोचा आवाज खाली आला. मग बंदच झाला. तो आत आला आणि स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर, खाली, खिडकीत, खुर्च्यांवर भरलेली भांडी होती. त्यानं ती एकेक करून पाहिली. कुकर पाहिला. फुलदाणी पाहिली. मग माझ्याकडे वळून काहीतरी विचारलं.

"आबा, नोन्नो विचारतो, एवढं आठ दिवस पुरतं?"

अडीच महिन्यांत त्या शहरात मला पहिल्यांदा माझ्या धंद्यातला प्रश्न कुणीतरी विचारला होता.

"पुरवावं लागतं," मी म्हणालो.

रेवानं सांगितलं. त्यानं मान हलवली, पण या वेळी आजाऱ्याला भेटायला आल्यासारखी नाही. मग पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पोतेरं शोधायला लागला. आम्ही दोघांनी मिळून फरशी कोरडी केली. संध्याकाळी मी त्याच्याकडे, ओल्या छताखाली बसून, दुपारच्या उरलेल्या गोळ्या खाल्ल्या. चांगल्या होत्या. हे लिहायला मला जड जातंय.

रेवाला मी विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस गं?"

"काही नाही," ती म्हणाली आणि भोवरा घेऊन पळाली.

ते मला विमानतळावर मुग्धानं सांगितलं. पिएत्रोनंच तिला सांगितलं होतं. रेवा म्हणाली होती, "याच्यावर ओरडू नको. हा माझा आबा आहे. याच्या गावात पाणी कधी भरून सांडतच नाही, मग याला कसं कळणार?"

पुन्हा बेगमपुरा

रशीदभाईंना मी सरळ थाप मारली. चहाचा पहिला घोट घेऊन म्हणालो, "कमानी उभ्या आहेत, पण कोरड्या."

"सब?"

"सब."

त्यांनी बशीतला चहा संपवला. "साब, चौंतीस साल साथ में काम करे अपन. आप झूठ बोलते वख्त टोपी सीधी करते."

माझा हात टोपीवरच होता. मग खरं ते सांगितलं, कारंज्याचं पाणी अजून त्याच वाटेनं येतं म्हणून. मला वाटलं यांचंही पोट दुखेल. रशीदभाई पाणचक्कीच्या हौदाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "दो हजार साल की चालू है ना? तो अपनी चारसौ की कायकू नै होती? गाळच तो निकालना है." ज्या गोष्टीवर मी तीन महिने जळलो, तिच्यावर त्या माणसानं एका कपात आशा काढली. मला त्यांच्यावरही थोडं जळायला झालं.

परवाच्या गुरुवारी पाचला नळ आले. मी पायरीवर ड्रम लावून, नळी सोडून उभा होतो तोच फोन वाजला. पडद्यावर रेवा, तोंडाला टोमॅटो लागलेला. मागं पिएत्रोचं स्वयंपाकघर. त्याच्या छतावरचा माझा डाग अजून तसाच होता. आणि त्याच्या टेबलावर गोळ्यांच्या ताटलीभोवती पातेलं, कॉफीचं भांडं, दोन ग्लास, खेळण्यातली किटली. सगळी भरलेली.

"आबा, नळ आले?" तिनं विचारलं.

"आले. हे काय मांडलंय?"

"गुरुवार आहे ना. आम्ही पण पाणी भरतो. नोन्नोनं पण भरलं."

मागून पिएत्रोनं एक बाटली उंच करून दाखवली. मी पुन्हा जळलो. चोवीस तास पाणी असलेल्या माणसाला काय गरज? बुटाची नाडी त्याची, भोवरा त्याचा, गुरुवारच्या गोळ्या त्याच्या. पाणी तेवढं माझं होतं, तेही घेतलं.

"त्याला येतं का भरता?" मी विचारलं.

रेवानं मागं वळून पाहिलं आणि तोंड फोनच्या अगदी जवळ आणलं, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून. मराठी त्याला तसंही कळत नव्हतं.

"नाही रे आबा. काठोकाठ भरतो. किती वेळा सांगितलं, कापड पण बांधत नाही. तू ये ना, तू सांग त्याला. माझं ऐकत नाही."

मी फोन दोन्ही हातांनी धरून तिच्याकडे बघत राहिलो. समोरच्या ओट्यावरून शेजारीण ओरडली, आतून सुलभा धावत आली.

"अहो, ड्रम सांडायलाय! दिसंना का तुमाला?"

दिसत होतं. पाणी ड्रमच्या काठावरून पायरीवर, पायरीवरून गल्लीत चाललं होतं आणि नळी माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होती. मी फोन वळवून ते रेवाला दाखवलं.

"बघ," मी म्हणालो, "इथं पण सांडतं."